पडद्यावरचे बहीण-भाऊ

परदेशी सिनेमांचं फारसी डबिंग करताना त्यांतल्या प्रेमिकांना सभ्य नात्यात बसवणं हे हूशंगचं पोटापाण्याचं काम. क्रांतीनंतर तेहरानमध्ये लग्नाविना प्रेम करणारी माणसं पडद्यावर चालत नसत. हूशंग संवाद असे बदलायचा की ओठांची हालचाल जुळावी आणि सिनेमे तपासणारं मंत्रालयही खूश राहावं. बहुतेकदा तो दोघांचा साखरपुडा उरकून टाकी. नायिकेचा आवाज त्याच्या बायकोचा, शहलाचा.

मग नायकाच्या आवाजासाठी बिजन आला आणि साखरपुडे बंद झाले.

बिजनचा आवाज खर्जातला, उबदार. तो आणि शहला एकाच माइकसमोर उभे राहिले की रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेमागे बसलेल्या हूशंगचा चहा गार व्हायचा. घरी शहला भाजी चिरताना म्हणायची, "बिजननं आज काय वाक्य टाकलं रे!" हूशंग मान खाली घालून जेवायचा. पुढच्या सिनेमात नायक-नायिका सख्खे बहीण-भाऊ.

"पुन्हा भाऊच?" शहला विचारी.

"मंत्रालयाचा हुकूम. मी काय करू?"

"बिचारा माझा नवरा," म्हणत ती त्याच्या केसांतून हात फिरवायची. तो हात त्याला टोचायचा, तरी हवासा वाटायचा.

एका इटालियन सिनेमात तर जोडपं रीतसर लग्न झालेलं होतं. हूशंगनं लग्नाचं दृश्य कापलं आणि त्यांनाही बहीण-भाऊ केलं. आठवड्यानं मंत्रालयाचे तवक्कुली साहेब स्वतः स्टुडिओत आले. शहला, बिजन, सगळे तिथेच होते.

"आगा हूशंग, या बहीण-भावाच्या घरात पलंग एकच कसा?"

हूशंगनं गार चहाचा कप उचलला.

"धड नवरा-बायको होती ती. लग्न काढायला तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्याकडून तर कागद गेला नव्हता. लोक आधीच आम्हाला शिव्या देतात, त्यात तुमची भर कशाला? लावा त्यांचं लग्न परत."

ते गेल्यावर शहला हूशंगजवळ आली. "आधीचे भाऊ कुणी केले?"

"एक-दोन त्यांनी."

"आणि बाकीचे?"

तो कागद चाळत राहिला. शहला माइककडे गेली. बिजनला सरकायला सांगून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि सिनेमातल्या बायकोचं पहिलं वाक्य म्हणाली, "तू उशिरा आलास की मला झोप येत नाही." घरी हूशंगशी बोलायची, अगदी त्याच आवाजात.

"परत," हूशंग काचेमागून म्हणाला.

तिनं परत म्हटलं, आणखी हळुवार.

"परत."

या वेळी बिजनच्या मानेवर लाली चढली. "आगा हूशंग," तो म्हणाला, "चूक काय होतेय ते तरी सांगा."

चूक काहीच नव्हती. ओठ जुळले होते, श्वासही जुळला होता. शहला काचेतून थेट हूशंगकडे पाहत होती, वाट बघत.

"हेच ठेवू," हूशंग म्हणाला आणि पुढच्या वाक्यासाठी त्यानं रेकॉर्डिंगचा दिवा लावला.