सातव्या फुलाच्या पाकळ्या

नांदेडहून सकाळची हिंगोली गाडी पकडली ती रागाच्या भरात. प्रवासाला निघण्याचं हे काही चांगलं कारण नव्हे, पण माझं तेच होतं.

झालं असं, की मावसबहिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी साताऱ्याहून नांदेडला गेले होते. तिच्या दारावर कोरीव नक्षी होती. मधे कलश, त्याच्याभोवती वळत वर गेलेली वेल आणि वेलीवर नऊ फुलं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे फुलं दिसली की मी पाकळ्या मोजते. आठ फुलांना आठ-आठ पाकळ्या होत्या. खालून सातव्या फुलाला मात्र पाचच, आणि उरलेली जागा घासून गुळगुळीत केलेली. हाताने काम करणाऱ्याकडून असं होतं, म्हणून मला ते फूल उलट आवडलंच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्यात हळदीकुंकवाला गेलो, तर तिथंही तीच वेल आणि सातवं फूल पाच पाकळ्यांचं. गल्लीच्या टोकाला तिसरं दार तसंच. एका माणसाचा चुकलेला घाव तीन दारांवर जसाच्या तसा कसा? कुणीतरी कुणाचं तरी काम उचललं होतं. दारं वारंगा फाट्याहून आणली, एवढंच बहिणीला ठाऊक होतं.

वारंगा फाट्याला उतरले तेव्हा नऊ वाजले होते. ट्रक, जीपा, टायरची दुकानं, आणि पाटीवर पाटी खिचडीची. दरवाजांचं दुकान रस्त्यालगतच होतं. आत एका मोठ्या टेबलावर संगणकावर चालणारं यंत्र फळी कोरत होतं आणि भिंतीला बहिणीच्या दारासारखीच दारं रांगेनं उभी होती. वीस तरी असतील. मालक पस्तिशीचा, हसतमुख.

"हे आमचं स्वतःचं डिझाइन आहे, मॅडम," तो म्हणाला.

"काढलं कुणी?"

"कम्प्युटरनं."

"कम्प्युटरला इथं पाचच पाकळ्या सुचल्या?"

तो मोकळेपणानं हसला. "पाकळ्या कोण मोजतं, मॅडम?"

मी तणतणत बाहेर आले आणि शेजारच्या हॉटेलात बसले. गरम खिचडी पुढं ठेवता ठेवता हॉटेलवाल्या बाईंनी विचारलं, "काहून (का) येवढ्या तापल्या, ताई?" सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्या सासऱ्याच्या घरचं दार हाय ते. सेनगावच्या पल्याड. दिवाळीला गेला अन् मोबाइलवर फोटो काढून आनला." गावाचं नावही त्यांनीच दिलं.

कळमनुरी, हिंगोली, मग सेनगाव. सेनगावहून पुढं जीप. तीत आम्ही चौदा जण आणि तुरीची पोती. मी मागच्या बाजूला पाय लोंबकळत ठेवून बसले होते. एका खड्ड्यात माझी डाव्या पायाची चप्पल उडून रस्त्यावर पडली. "थांबवा!" मी ओरडले. ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, "चढावर गाडी थांबली की फिरून सुरू होत न्हाई, मावशी." एका चपलेनिशी मी त्या गावात उतरले.

दार शोधावं लागलं नाही. चौकात समोरच होतं. जुन्या सागाचं, तेलपाणी पिऊन काळंभोर झालेलं. नांदेडला जे पाहिलं ते याचं प्रेत होतं, असं मला तत्क्षणी वाटलं. इथं वेल कलशाला टेकून श्वास घेत वर जात होती. प्रत्येक फूल किंचित वेगळ्या बाजूला कललेलं, जणू एकाच वाऱ्यात प्रत्येकाला वेगळी झुळूक लागली होती. आणि सातवं फूल, पाच पाकळ्यांचं.

मालकीणबाई बाहेर आल्या. मी विचारलं, "कुणी केलंय हो हे?"

"आमच्या मामंजींनी."

"ते सुतारकाम करायचे?"

"अवं न्हाई! पाटील मानूस त्यो. करून घेतलं."

"कुणाकडून?"

त्यांना आठवावं लागलं. हे मी विसरणार नाही. रोज त्या दारातून जा-ये करणाऱ्या बाईला ते घडवणाऱ्याचं नाव आठवावं लागलं. "मारोती मिस्त्री. हाय की त्यो अजून, मारुतीच्या देवळामागं. आमच्या जावयानं तर आता शेकड्यानं केलीत असली दारं," त्या कौतुकानं म्हणाल्या.

मारोतराव मिस्त्री अंगणात उन्हाला बसले होते. ऐंशीच्या घरातले, बोटं अजून जाड आणि सरळ. माझा अनवाणी पाय त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, आधी पाहिला आणि काही न विचारता स्वतःच्या चपला पुढं केल्या. भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी खाऊन झाल्यावरच मी मोबाइल काढला आणि बहिणीच्या दाराचा फोटो मिस्त्रींना दाखवला.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "किती घरात लागलं असंल हे?"

"माहीत नाही. दुकानात रांग उभी आहे."

"अन् हे फूल समद्यांत असंच?"

"असंच."

"झालं," कौसाबाई म्हणाल्या. "आता ह्यांला झोप न्हाई."

मग मिस्त्रींनी सांगितलं. त्या फळीत नेमकी त्या जागी गाठ निघाली आणि एका घावासरशी तीन पाकळ्या उडाल्या. ते पाटलांना म्हणाले, चार दिवस द्या, फळी बदलतो. पाटलांच्या घरी लग्न तोंडावर होतं. पाटील म्हणाले, राहू दे, कोण बघतंय! दार बसलं. "चाळीस वरसं झाली बाई, त्या दारापुढून जाताना मी मान वर करत न्हाई."

"त्यानं तुमचं काम चोरलंय, मिस्त्री," मी म्हणाले. माझ्यासारखाच राग त्यांनाही यावा असं मला वाटत होतं.

"चोरू द्या की. नक्षी मी बी माझ्या बापाची चोरली. पन चोरायची तं बराबर चोरावी. माझी चूक काहून गावोगाव वाटून राहिला त्यो?" त्यांचा आवाज चढला. "सकाळी येतो मी तुमच्यासंगं."

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. सकाळी धुतलेलं धोतर नेसून, पटाशी (नक्षीची छिन्नी) फडक्यात गुंडाळून ते माझ्याआधी जीपपाशी उभे होते.

दुकानात मी तयार करून नेलेलं भाषण सुरू केलं. मालकानं मधेच तोडलं. "दार माझ्या सासऱ्यांचं, मॅडम. मग डिझाइन आमचंच झालं ना!" माझा संताप उसळला. दार तुमचं असेल, हात कुणाचे होते?

मिस्त्री आमच्याकडे बघतही नव्हते. ते रांगेतल्या पहिल्या दारापुढं बसले होते. पेन्सिलीनं त्यांनी सातव्या फुलावर तीन पाकळ्या आखल्या, पटाशी लावली आणि तळहातानं हलकेच ठोकली. पाकळी निघाली नाही. तिथला तुकडा फसकन भुगा होऊन खाली पडला. त्यांनी दुसरीकडे लावली. पुन्हा भुगा.

"अहो बाबा! गिऱ्हाइकाचा माल आहे!" मालक धावला.

मिस्त्रींनी तो भुगा तळहातावर घेतला, बोटांनी चोळला. "हे लाकूड न्हाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "दाबलेला भुसा हाय. याला रेषाच न्हाई. याच्यात मी पाकळी कशी काढू?" आदल्या दिवशीपासून त्यांच्या चेहऱ्यावर होता तो राग आता नव्हता. ते घाबरल्यासारखे दिसत होते. ते बघून मी मालकावर इतकी ओरडले, की शेजारून हॉटेलवाल्या बाई पळत आल्या.

मिस्त्रींनीच मला थांबवलं. कागद मागून त्यांनी पेन्सिल न उचलता अख्खं फूल काढलं आणि मालकापुढं ठेवलं. "हातानं होत न्हाई, तं तुझ्या मशीनमधी बराबर कर."

मालक वरमला. "करतो, बाबा. दारावर तुमचं नाव टाकू का? बाजारात चालेल."

"नाव नको. पाकळ्या आठ कर."

कागद खणात गेला. फाट्यावर आम्ही दोघं दोन दिशांच्या गाड्यांची वाट बघत उभे राहिलो. मिस्त्रींची गाडी आधी आली.

साताऱ्याला परतल्यावर महिनाभरानं मी गिऱ्हाईक म्हणून दुकानात फोन लावला. वेलीचं दार हवंय म्हटलं. तिकडून एका मुलीनं उत्साहानं सांगितलं, "मॅडम, सातव्या फुलाला पाच पाकळ्या बघून घ्या हं. तीच ओरिजिनलची खूण. बाकीचे आता आमची नक्कल करतात."

हसावं की रडावं कळेना. नक्षी उचलली, तिच्या मालकीवर हक्क सांगितला, इथपर्यंत माझ्या रागाला शब्द होते. पण एका कारागिराची चाळीस वर्षांची खंत आता मालाचा छाप झाली होती, आणि ती पुसण्याचा अधिकार त्यालाच तेवढा उरला नव्हता. प्रवासात आपण सुंदर वस्तू पाहून येतो, 'वा' म्हणतो, फोटो काढतो. ती घडवणाऱ्याला त्यात काय सलतं, हे मीही त्यापूर्वी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

हे मिस्त्रींना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण परवा त्यांचाच फोन आला. "बदललं का त्यानं?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. "नाही, मिस्त्री."

पलीकडं त्यांनी कोंबड्यांना हाकललं. मग ते म्हणाले, "मंग फिरून जाऊ. तुमी कवा येऊन राहिल्या?"