काठवटीत बसलेलं सोनं

भाकरी थापायची काठवट मी आयुष्यभर पाहिली होती, पण तिच्यात रेती धुताना पहिल्यांदा पाहिलं ते सखूबाईंना. सखूबाई सोनझारी. नदीच्या रेतीतून सोनं वेचणं हे त्यांच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मी भूवैज्ञानिक. जुनी सोन्याची खाण टेकडीपलीकडे होती, म्हणून अलीकडच्या ओढ्यातही सोनं असेल या आशेवर मी महिनाभर त्यांना सोबत घेऊन नमुने गोळा करत होते.

त्या सकाळी माझ्या काठवटीत काहीतरी लखलखलं आणि मी ओरडलेच. सखूबाईंनी काठवट घेतली, पाण्यात एक हिसका दिला, आणि सगळी चमचम वाहून गेली.

"हे निस्तं चमकते, मॅडम. पळालं पाहा. सोनं पळत नाही, बसून राह्यते."

मग त्या काठवट हळूहळू फिरवत राहिल्या. शेवटी तळाशी चिमूटभर काळी रेती उरली आणि तिच्या कडेला तिळाहून बारीक एक पिवळा कण. पाणी त्याच्यावरून गेलं, तो हलला नाही.

जड असतं ते बसतं, हे मी पुस्तकात शिकले होते. सखूबाईंचं मनगट ते पुस्तकाविना जाणत होतं. टेकडीपलीकडची ती खाणसुद्धा आधी अशाच एखाद्या मनगटाला सापडली असणार, कुठल्याच नकाशावर ज्याचं नाव नाही.

नमुन्याच्या पिशवीवर गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी लिहिलं, 'सखूबाई'.

"माझं नको," त्या ताठ होऊन म्हणाल्या. "सासूचं लिहा. मनगट तिचं हाये."

मी दोन्ही नावं लिहिली. माझं लिहायला जागा उरली नाही.