दाजींचे आठ दिवस

आमच्या दाजींना न विचारता या जगात आजवर दोनच गोष्टी घडल्या असतील. एक त्यांचा जन्म आणि दुसरं त्यांचं बारसं. त्यातल्या बारशाबद्दल तर त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. बाकी सगळं त्यांच्या होकारानंतरच व्हायचं. न्हाव्यानं नवं पातं काढलं की ते आधी दाजींच्या हातात. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं की बाटलीवरची बारीक अक्षरं दाजींची वाचून होईपर्यंत डॉक्टर सुई वर धरून उभे. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, एकदा चहाची पावडर बदलली, तर पहिले आठ दिवस तो चहा एकट्या दाजींनी घेतला आणि बाकीच्यांना जुन्या पावडरीचा मिळाला. नवव्या दिवशी सकाळी कप खाली ठेवून ते म्हणाले, "आता द्या सगळ्यास्नी." लग्नाच्या वेळी मुलगी बघून झाल्यावरही त्यांनी आठ दिवस मागून घेतले होते. आक्का ते अजून विसरलेली नाही. "मलाबी ह्यांनी आठ दिस वाघरीभाईर ठिवलं हुतं," असं ती आल्यागेल्याला सांगते.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. आमची दोन्ही घरं आटपाडीकडची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. आमच्याकडं बाजारातून आणलेली नवी मेंढी लगेच कळपात सोडत नाहीत. आठ दिवस ती वाघरीबाहेर वेगळी बांधायची, खोकते का, नाक गळतं का, चारा खाते का ते बघायचं आणि मगच आत घ्यायची. मी शिकून साताऱ्यात छपाईसाठी मजकूर टाईप करून द्यायचं दुकान टाकलं आणि ही रीत विसरून गेलो. दाजी कुपवाडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागले आणि ही रीत सोबत घेऊन गेले.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून जो प्रोग्रॅम असायचा, त्याची नवी मात्रा दर महिन्याला फ्लॉपीवर टपालानं यायची. बाकीचे लोक पाकीट फोडून फ्लॉपी सरळ मशीनमध्ये सरकवायचे. दाजींनी कारखान्याच्या नऊ कॉम्प्युटरांपासून लांब, कोपऱ्यातल्या स्टुलावर एक जुनं मशीन ठेवलं होतं. नवी फ्लॉपी पहिली त्याला. मग आठ दिवस दाजी त्याच्याभोवती घुटमळायचे. कुठली फाईल नवी आली, कुठली गेली, कुठली फुगली, हे सगळं शंभर पानी वहीत उतरवायचे. भीतीपेक्षा त्यात कुतूहलच जास्त असायचं. तो प्रोग्रॅम पहिल्यांदा बसवताना पडद्यावर जो लांबलचक करारनामा येतो, जो माणसाच्या जातीनं आजवर वाचलेला नाही, तो दाजींनी शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "साहेब, नुसतं कबूल म्हणायचं असतं." दाजी म्हणाले, "म्हणतो की. पर काय कबूल करतूय ते तर बगू द्या." अकराव्या कलमाबद्दल त्यांना एक शंका होती. ती त्या इंजिनिअरला सोडवता आली नाही, आणि तो पुन्हा कुपवाडला आला नाही.

कारखान्याचे मालक या सगळ्याला हसायचे. पण एका महिन्यात आलेल्या फ्लॉपीनं तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या मशीनमधला ड्रॉइंगचा प्रोग्रॅम व्हायरस समजून पुसून टाकला. शेजारच्या कारखान्यानं तीच फ्लॉपी सरळ मशीनमध्ये घातली होती, तिथं दिवसभर काम बंद पडलं आणि दाजींची नऊ मशीनं मजेत चालू राहिली. त्या दिवशी मालक स्वतः चहा घेऊन आले. चहा नेहमीच्याच पावडरीचा आहे ना, एवढं विचारून दाजींनी तो घेतला.

तेव्हापासून मीही दाजींच्या वाघरीत गेलो. माझी फ्लॉपी टपालानं आली की मी ती खणात टाकायचो आणि दाजींचा फोन आला की मशीनमध्ये घालायचो. "पावणं, घाला. बरी हाय," एवढंच ते म्हणायचे, आणि मग आमच्या घरची सगळी चौकशी करायचे.

आणि एका मार्चमध्ये घात झाला. मेढ्याच्या एका शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. तिच्या स्मरणिकेची शहाण्णव पानं मी दोन महिने खपून टाईप केली होती, आणि समारंभ दहा दिवसांवर आला होता. फ्लॉपी खणात पडून होती आणि दाजींचा सहावा दिवस चालू होता. त्या सकाळी एका गिऱ्हाईकानं लग्नपत्रिकेचा मजकूर आपल्या फ्लॉपीवर आणला. तिच्यातून व्हायरस आला आणि दुपारपर्यंत माझं मशीन धुऊन निघालं. पत्रिका गेल्या, स्मरणिका गेली. हातात उरली ती तपासायला काढलेली कागदावरची पानं. त्या व्हायरसचा उतारा खणातल्या फ्लॉपीवर होता. मी कुपवाडला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. "तुमची मेंढरं तुमच्यापाशी ठेवा," असंही म्हणालो. आमच्यात ते नातं तोडल्यासारखंच, घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. पलीकडून दाजी एवढंच म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते साताऱ्यात हजर. हातात कपड्यांची पिशवी, कारखान्यातून आठ दिवसांची रजा. दारात चपला काढतानाच त्यांनी विचारलं, "कुठनं सुरवात करू?" मशीन पुन्हा उभं केलं, खणातली फ्लॉपी पहिल्यांदा घातली आणि कागद समोर ठेवून टाईप करायला बसले. दाजी दोन बोटांनी टाईप करतात. पहाटेपासून दुपारपर्यंत ते आणि दुपारनंतर मी, असं आम्ही वाटून घेतलं. त्यांच्या वेगाचं एकवेळ चाललं असतं, पण ते वाचत टाईप करायचे आणि वाचलेल्यात गुंतायचे. "पावणं, हे गुरुजी पावसात नदी पवून शाळंला यायचं म्हणं. अजून हायत का वो?" शिवाय कागदावरच्या चुका न विचारता सुधारतील तर ते दाजी कसले! मी आत जेवायला बसलो की बाहेरून हाक यायची, "पावणं, ह्यो स्वल्पविराम काडू का?"

चौथ्या दिवशी माझा राग बराच निवला होता. मी म्हटलं, "दाजी, तुम्हाला न विचारता ते औषध आपोआप मशीनमध्ये गेलं असतं, तर ही शिक्षा तुमच्या वाट्याला आली नसती."

दाजींनी बोटं थांबवली. "व्हय की. साथ आली की मेंढरास्नी लगीच टोचून घेत्यात, आठ दिस बगत बसत न्हाईत. साथ आलीया का, हे मी कुनाला इचारलंच न्हाई. चुकलं माजं." मग समोरचं पान उलटून म्हणाले, "पर पावणं, ते आपसूक गेलं असतं आन् त्यातनंच काय बिगाडलं असतं, तर तुमी श्या कुनाला घातल्या असत्या? चुकलं तर मान खाली घालाय कुनीतरी लागतंय. मशीनला मान न्हाई."

समारंभाच्या आदल्या दिवशी स्मरणिका मेढ्याला पोचली. त्याआधी, मजकूर छापखान्यात गेल्यावर आणि स्वतः निघायच्या आधी, दाजींनी माझ्या मशीनवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली. फोनच्या तारेतून परस्पर ताजी होणारी ती आवृत्ती होती. पडद्यावर प्रश्न आला, आपोआप की विचारून? दाजींचं बोट माऊसवर थांबलं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मशीन तुमचं हाय. तुमी सांगा." दाजींनी निर्णय दुसऱ्यावर सोडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मला त्याचं अप्रूप वाटायला हवं होतं. पण मी दमलो होतो, धसका घेतला होता आणि मनात थोडा डूखही शिल्लक होता. मी म्हटलं, "आपोआप." त्यांनी ते दाबलं, पिशवी उचलली आणि सांगलीच्या गाडीला गेले.

मशीन उत्तम चाललं. फक्त फोन येणं बंद झालं. फोन करायला दाजींकडं कारण उरलं नव्हतं, आणि मीही आपण होऊन केला नाही. ते मला मनातून लागत होतं, पण लाजेपोटी मी गप्प बसलो.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मशीन लावलं, तर सगळ्या मराठी मजकुराच्या जागी चौकोनच चौकोन. आदल्या दिवशी आपसूक आलेल्या नव्या मात्रेनं माझे मराठी फाँट व्हायरस समजून पुसले होते. मी कंपनीला फोन केला. एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल, सर." मी आवाज चढवला, तर त्यांनी तेच वाक्य आणखी गोड करून म्हटलं. फोन ठेवून मी त्या चौकोनांकडं बघत राहिलो. आत रागाची उकळी होती आणि ती ओतायला समोर माणूस नव्हता.

मग मी कुपवाडला फोन लावला. दाजी 'मी सांगितलं होतं' असं म्हणतील, म्हणून मनाची तयारी ठेवली होती. त्यांनी ते म्हटलं नाही. कधी झालं, कुठले कुठले फाँट गेले, फाईल किती होत्या, हे बारकाईनं विचारलं. वहीची पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग म्हणाले, "पावणं, मी यिऊ का?"

खरं तर यायची काही गरज नव्हती. फाँटच्या मूळ फ्लॉप्या माझ्या खणात होत्या आणि दहा मिनिटांत मी ते पुन्हा बसवले असते.

मी म्हटलं, "या."