दोन बिनफोनवाले

ऑफिसात त्यांना सगळे शंकासूर म्हणत, आणि हे बिरूद ते मोठ्या ऐटीत मिरवत. माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवं काही घातलं की जुनं बिघडलं नाही ना, हे बघणाऱ्या चाचण्या वाचायचं त्यांचं काम. त्यातही जीव 'नल'वर, म्हणजे ज्या रकान्यात काहीच भरलेलं नाही त्यावर. "नल म्हणजे शून्य नव्हे, माहीत नाही!" हे ते दाढी करतानाही ऐकवत. बायको म्हणे, "मीठ बरोबर आहे का विचारलं की गप्प. मग मीच चाखते."

त्या शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती जायची होती आणि मॅनेजर रात्रीच्या गाडीने सासुरवाडीला. शंकासुरांच्या मंजुरीवाचून दोन्ही अडलेलं.

आवृत्तीत दोन नोंदींची तुलना झटपट करायची नवी युक्ती होती. ती लिहिणाऱ्या पोरीने चाचणीही लिहिली होती: फोन नंबर जुळले की ग्राहक एका घरातले. त्यात दोन ग्राहकांचे नंबर कोरे. उत्तर आलं, दोघं एका घरातले. चाचणी हिरवीगार, म्हणजे पास.

"हे बरोबर उत्तर तू आणलंस कुठून?" शंकासुरांनी विचारलं.

"प्रोग्रॅम चालवला काका, आलं ते उतरवून घेतलं."

"म्हणजे पोराचा पेपर पोरानेच तपासला! अगं, ज्यांचे नंबर ठाऊक नाहीत ते सगळे एका घरातले, तर निम्मं गाव माझे भाऊबंद!"

पोरगी खुदकन हसली, मग स्क्रीनकडे वळून चाचणी पुन्हा वाचू लागली.

तेवढ्यात मॅनेजर आले. "काय हो, मंजूर ना? बोलत नाही म्हणजे हो समजू?"

"बोलत नाही म्हणजे अजून बोललो नाही, एवढंच समजा."

"अहो, बॅगा भरून दाराशी ठेवल्यात! सासरे स्टेशनवर घ्यायला येणार आहेत!"

"मग खुर्ची घ्या. एकाचं बिल दुसऱ्याच्या दारात गेलं, तर सासुरवाडीहून परत बोलावतील तुम्हाला."

मॅनेजर बसले. पोरीने चाचणीतलं उत्तर सुधारलं आणि चाचणी लालभडक झाली, म्हणजे प्रोग्रॅम नापास. शंकासुरांचा चेहरा असा खुलला की मॅनेजरांना तो बघवेना. पोरीने युक्तीतली चूक शोधून दुरुस्त केली. शंकासुरांचा हुरूप वाढला.

"आता सारख्या नोंदींचे गट पाडतो त्या वर्गवारीतही तसंच कर. कोऱ्यांना एकत्र बसवायचंच नाही!"

"नाही काका, वर्गवारीत कोऱ्यांचा एकच गट करायचा असतो. नियमच आहे तसा. त्याची चाचणीही लिहिली आहे मी, ही बघा."

शंकासुरांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मलाच धरलंस की!" आणि पेढा मिळाल्यासारखे हसले.

"आता एकमेकांचं कौतुक उद्या करा हो," मॅनेजर कळवळले.

सगळ्या चाचण्या पुन्हा चालल्या. एकेक ओळ हिरवी होत गेली तसे मॅनेजर खुर्चीतून उठत गेले.

"मंजूर," शंकासूर म्हणाले. मॅनेजर लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच पळाले.

पोरीने पर्स उचलली. "निघायचं ना, काका?"

"निघू की. पण मला धरलंस ती वर्गवारीची चाचणी पुन्हा एकदा दाखव," शंकासुरांनी खुर्ची पुढे ओढली. "फार छान लिहिली आहेस गं."