पाचवी बाटली

सॉसवाल्या बाईंच्या मागच्या खोलीत पाच पातेली आणि एक नवरा होता. त्यांतली पातेली तेवढी ऐकायची.

मिरच्यांचे सॉस करून विकणं हा बाईंचा वीस वर्षांचा धंदा. "सगळ्यात तिखट कुठला?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नुसता तिखटपणा म्हणजे चव का? व्हिनेगरमधला पातळ सॉस तळलेल्या माशासाठी, तो तेलकटपणा मारतो. लसणीचा दाट सॉस नूडल्सना छान धरून बसतो, पण अंड्यावर घातला तर अंडंच हरवतं. धुरावर सुकवलेल्या मिरचीचा सॉस भाजलेल्या बटाट्याला हवा, आणि अननसाचा गोडसर कोंबडीला. पाचव्या बाटलीत निव्वळ जाळ. ती पैजा लावणाऱ्या टोळक्यांसाठी; बाई तिला सॉस म्हणतही नसत.

आणि घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान गेलं वर्षभर अंड्यावर, भातावर, सुपात तीच पाचवी बाटली उपडी करत होते.

"हॉटेलवाल्याला उद्या हा नमुना द्यायचाय. कसा झालाय?"

"छान."

"कालचा?"

"तोही छान."

एके काळी याच माणसाने 'लसूण करपलाय' म्हणून अख्खं पातेलं ओतून द्यायला लावलं होतं. त्यांच्या होकाराशिवाय या घरातून बाटली बाहेर पडत नसे. "गाढवाला गुळाची चव काय!" बाई कडाडल्या. एरवी उलट टोला हाणणारे यजमान निमूट आपल्या घड्याळांकडे वळले.

नमुना मंद आचेवर ठेवून बाई बाटल्यांची झाकणं आणायला कोपऱ्यावर गेल्या. परतल्या तर जिन्यातच करपल्याचा वास. नमुना बुडाला लागून काळाठिक्कर झालेला, आणि दोन हातांवर यजमान डोळ्याला भिंग लावून घड्याळात गढलेले.

"नाक गहाण ठेवलंय का हो?"

त्यांनी भिंग काढलं. "मागच्या वर्षीच्या तापात वास गेला. चवही गेली. जाळ तेवढा कळतो. काहीतरी कळतं, म्हणून तो घेतो."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू मला चाखायला देणं बंद केलं असतंस."

बाईंना मघाची म्हण आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरम वाटली की त्या जास्तच ओरडायच्या, तशा ओरडल्या. "वर्षभर माती खाल्ल्यासारखं जेवलात, तोंड शिवलं होतं का!" डोळे पुसायला गेल्या तर मिरचीचा हात डोळ्याला लागला, त्याचंही खापर यजमानांवर फुटलं.

मग त्यांनी व्हिनेगरच्या सॉसचा चमचा पुढे धरला. "चव राहू द्या. कुठे लागतं ते सांगा."

"जिभेच्या शेंड्याला. झटकन. गेलंसुद्धा."

"आणि हा धुराचा?"

त्यांनी चमचा चाटला आणि डोळे मिटून वाट पाहिली. "घशात. मागून येतंय, हळूहळू."

अगदी बरोबर होतं. "नमुना पुन्हा करते," बाई गुरगुरल्या, "पण पास तुम्हीच करायचा. घ्या, आता हा लसणीचा."

"थांब जरा. आधीचं उतरू दे."

आयुष्यात कुणासाठी न थांबलेल्या बाई चमचा हातात धरून थांबल्या.