रेल्वेच्या हद्दीतला जन्म

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका रेल्वेच्या गावात झाला, हे मी आयुष्यभर मिरवलं. गेल्या वर्षी त्याच गावाने माझी झोप उडवली.

आई ऐंशीच्या पुढे. इथे परदेशात, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे असते, लाँग टर्म पासवर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या परवान्यावर. पासची मुदत संपत आली आणि या वेळी विचारणा झाली, ही तुमचीच आई कशावरून? माझ्या जन्माची पूर्ण नोंद हवी. माझा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघालेला. जन्माचा दाखला घरात कुणी पाहिलाच नव्हता. पास मिळाला नाही तर आईला पुण्यातल्या बंद घरात एकटीला पाठवावं लागणार होतं.

ते गाव म्हणजे मुळात इंजिनांना पाणी भरायची जागा. फाटकाच्या अलीकडे रेल्वेचं राज्य: क्वार्टर्स, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, सगळं तिचं. पलीकडे बाजार आणि नगरपालिका. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत हेडक्लार्क. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं, पण संसार असेल तरच. जन्ममृत्यूच्या वह्याही रेल्वेच्याच. पुढे रेल्वेचा कारभार आटोपला आणि त्या नगरपालिकेच्या गळ्यात पडल्या.

तिथल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना मी ईमेल केला. भल्या बाई, आठवड्यात पान पाठवलं. वडिलांचं नाव बरोबर. आईच्या जागी भलतंच नाव.

हात्तिच्या, म्हटलं, हे माहेरचं नाव असणार. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. अण्णांनी घाईत जुनंच लिहिलं. पण हे इथल्या अधिकाऱ्याला कोण समजावणार? मी प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं: ही दोन्ही नावं एकाच बाईची. बँकेत दिवसभर लोकांचे असलेच कागद तपासते मी, त्यामुळे मसुदा फक्कड जमला. आईला वाचून दाखवला. ती मटार सोलत राहिली.

शपथेच्या आदल्या दिवशी बाईंचा दुसरा ईमेल आला. त्याच क्वार्टरची आणखी एक नोंद सापडली, उपयोगी पडेल म्हणून पाठवली होती. मृत्यूची. तेच नाव, माझ्या जन्मानंतर सहाव्या दिवशी.

फोन तसाच आईपुढे धरला.

"माझी थोरली बहीण," ती म्हणाली. "क्वार्टर सोडायला रेल्वेने तीन महिने दिले होते. तेवढ्यात ह्यांनी मला आणलं. लग्न देवळात झालं, कागद काही केला नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटायची. आता तर जास्तच वाटते. मला परत पाठवशील का ग?"

खरं सांगून सावत्र आई म्हणून पास मागायचा तर लग्नाचा दाखला लागणार, आणि तो जगात कुठल्याच वहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच मसुद्यावर शपथ घेतली. असं करणाऱ्याला मी बँकेत दारातूनच परत लावते.

पास मिळाला. पण अनोळखी नंबरचा फोन वाजला की आम्ही दोघी दचकतो. आणि जिने मला जन्म दिला तिचं नाव, ती कोण हे कळल्यावर मी पहिल्यांदा उच्चारलं, ते अशी कुणी वेगळी बाई नव्हतीच हे शपथेवर सांगायला.