चर्चपाशी घेतलेली माघार

नेदरलँड्समधल्या हार्लेमजवळच्या आमच्या फ्लाइंग क्लबात पन्नाशीनंतर शिकू लागलेला मी एकटाच. क्लबातली एक वैमानिक मुलगी आहे; ती माझ्या निम्म्या वयाची, आणि आल्प्समधल्या आखूड, चढाच्या धावपट्ट्यांवर विमान उतरवण्यात तरबेज. मला ‘काका’ म्हणते, तेही खुपते.

माघार कुठून घ्यायची, हे ती आधीच मोठ्याने बोलून ठेवते. जुलैत आल्प्समधल्या एका दरीतून वर जाताना मी तिच्या शेजारी बसलो होतो. “काका, त्या चर्चपर्यंत वारा बघायचा. पुढे वळायला जागा नाही.”

चर्चपाशी वारा फिरला आणि तिने विमान वळवले.

वरच्या धावपट्टीवर आधीच उतरलेल्या तिच्या मित्राने रेडिओवर डिवचले, “काय गं, टरकलीस?”

“हो, टरकले,” ती हसून म्हणाली.

त्या उत्तराचा मला अजून हेवा वाटतो. लोक हसतील म्हणून मी एकदा भलत्या वाऱ्यात विमान उतरवले होते, आणि क्लबाने टाळ्या वाजवल्या होत्या.